काळ्या पट्ट्याची खोली

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

गुडघा सुजलाय तरी तू फेरीबोटीचं सुकाणू सोडत नाहीस, हे वाचून बाबांनी कपाळाला हात लावला. त्यांची बहीण त्यांचं कधी ऐकणार नाही, असं म्हणाले.

माझी बातमी अशी की बेटाजवळच्या पाण्याचा नकाशा झाला. आकाशातून खोली कशी कळते, असं तू विचारलं होतंस. उपग्रहाच्या फोटोत उथळ पाणी उजळ दिसतं, कारण तळावरून उजेड परत येतो. खोल पाणी गडद दिसतं. थोड्या जागी बोटीतून खोली मोजायची आणि तिच्याशी रंग ताडून बाकीची काढायची. बेटाच्या आतल्या बाजूने एक गडद पट्टा आहे, तिथे सहा मीटर पाणी निघालं. सोमवारपासून तुमची बोट तिथूनच जाणार, वीस मिनिटं वाचतील. नकाशाखाली माझी सही आहे. आता तरी मला शेंबडी म्हणू नकोस.

तुझी लाडकी,
भिंगरी

ता. ७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शेंबडी ती शेंबडीच. अगं, तो पट्टा पाण्याखालच्या गवताचा आहे. गवत काळं, म्हणून पाणी काळं. हातच्या काकणाला आरसा कशाला, तरीही काल ओहोटीला होडी घेऊन गेले आणि शिसं बांधलेली दोरी तीन ठिकाणी सोडली. कुठेच दीड मीटरच्या वर पाणी नाही. माझ्या बोटीचा तळ दोन मीटर बुडतो आणि वर दोनशे माणसं असतात.

फेरीच्या मॅनेजरला सांगितलं, तर त्याने तुझा नकाशा माझ्या नाकासमोर धरला. म्हणाला, दोरीचे दिवस गेले, तुम्हाला जमत नसेल तर सुकाणू दुसऱ्याला देतो. सही वाचून मला तुझा इतका राग आला की जेवण गेलं नाही. भाची म्हणून सूट मिळणार नाही. काय करायचं ते सोमवारच्या आत कर.

चिडलेली, तरी तुझीच,
आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं खरं आहे. तपासलं. आम्ही जिथे जिथे खोली मोजली, तिथे सगळीकडे खाली वाळू होती. गवतावर एकदाही मोजलं नाही, आणि तिथला काळेपणा मी खोली म्हणून धरला. लाज वाटते, पण लाजत बसायला वेळ नाही.

आमचे साहेब म्हणाले, गाजावाजा नको, पुढच्या वर्षीच्या नकाशात गुपचूप दुरुस्त करू. मी विचारलं, तोवर बोट कशावरून जाणार. ते म्हणाले, फार शहाणपणा केलास तर तळघरात जुने नकाशे झटकत बसशील. बसते म्हटलं. नकाशा चुकीचा आहे, चूक माझी आहे, त्या वाटेने जाऊ नका, असं स्वच्छ लिहून सही केली आणि तुमच्यासकट सगळ्या धक्क्यांवर पाठवून दिलं. एक प्रत ऑफिसच्या दारावर चिकटवली. साहेबांनी फाडली, मी दुसरी लावली. आता चौथी आहे.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी,
भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मॅनेजरने तुझा कागद खणात घातला होता. मी तो काढून सोमवारी सकाळी धक्क्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. त्याने मला सुकाणूवरून उतरवलं आणि दुसऱ्या कप्तानाला बोलावलं. तो नाही म्हणाला. तिसराही नाही म्हणाला. शेवटी बोट जुन्याच वाटेने गेली, माझ्याच हातून, आणि वीस मिनिटं उशिरा पोचली. एकही माणूस कुरकुरला नाही.

परतल्यावर मॅनेजर तणतणत आला. जी पोरगी एकदा चुकली, तिच्या दुसऱ्या कागदावर तुम्ही विश्वास कसा ठेवता, असं विचारत होता. मी त्याला सांगितलं, पहिल्या कागदावर तिने नुसती सही केली होती, दुसऱ्यावर तिने नोकरी पणाला लावली आहे.

तळघरात धूळ असेल, नाकाला रुमाल बांध. माया आहेच, ती मागायची गरज नाही.

तुझी,
आत्या