मुंजाबा पेंटरची बाई

छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२५

ति. आजीस,
ज्ञानूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून चिठ्ठी. मागच्या खेपेला मी अर्धा तास बोलले आणि शेवटी तू विचारलंस की कोण बोलतंय!

तर ऐक. आजोबांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवतेय, ९ फेब्रुवारीला. विनोदी दिवाळी अंकांसाठी त्यांनी काढलेल्या साऱ्या बायकांची चित्रं. मुखपृष्ठं तीस आणि खिडकीचित्रं बारा. खिडकीचित्रं म्हणजे ती गं, वरच्या पानाला चौकोनी भोक कापलेलं आणि त्यातून मागच्या पानावरचं थोडंसंच दिसतं. त्यांच्या जुन्या पेंटिंगच्या दुकानाच्या माळ्यावरच्या पेटीत गठ्ठा मिळाला. पानं ओलीनं एकमेकांना चिकटलीत, म्हणून आमच्या फ्रेमवाल्या रामप्रसादकाकांनी ती होती तशीच काचेत बसवली.

आजी, काय हात होता गं त्यांचा! मानेपासून कमरेपर्यंत ब्रशचा एकच फटकारा, कुठं उचललेला नाही. बाई बघावी तर रुबाबदार, आणि बाजूला तो छत्रीवाला टकल्या माणूस, दर चित्रात कुठं तरी धडपडलेला. बघणारा आधी बाईकडं बघतो आणि मग टकल्याला हसतो. आजोबा स्वतःचीच टर उडवायचे, हे मला आत्ता कळलं.

सगळे एकच विचारतात, ही बाई कोण? चेहरा कधी पुरता दिसत नाही. पण पाठीवर, मानेखाली डाव्या अंगाला, एकाखाली एक दोन तीळ आहेत. बेचाळीस चित्रांत तेच दोन तीळ. तुला ठाऊक असेल तर कळव. आणि सोबतच्या कागदावर सही करून धाड. हक्क तुझा आहे, सहीशिवाय हॉलवाले कुलूप काढणार नाहीत. पत्रिका मी आधीच छापून बसलेय, तेवढं पोटात घाल.

माया आटू देऊ नकोस.
तुझी,
ज्ञानू


वाडी, ता. कन्नड
१३ जानेवारी २०२५

चि. ज्ञानूस,
आजीचे अ. उ. आ.

तुपलं पत्र वाचलं. मग तुपल्या काकूला, सुकेशनीला, म्हणलं चष्मा पुसून दे, आन् पुन्हा वाचलं. सही मिळायची नाय.

पत्रिका छापून मग विचारतीस व्हय? आजोबावर गेलीस. त्येबी करून बसायचे आन् मग टकल्यावाणी तोंड करून उभं राहायचे. हरभरा काढायला आलाय, तुपल्या काकाचा गुडघा दुखतोय, सुकेशनी एकटी राबतीय, आन् हिकडं मी त्या बाईच्या पायी दोन दिस जेवले नाय.

ती बाई कोण ते मला ठाऊक हाये. तुला सांगायचं नव्हतं, पण तू जगाला दाखवाया निघालीस म्हणून सांगते. शहात्तर साली तुपला बाप झाला तव्हा आम्ही शहरात बेगमपुऱ्याला राहायचो. बाळंतपण कराया मपली धाकटी बहीण दगडा आली. तीन महिने राहिली. हे तिच्याशी लई हसायचे. ती गेली आन् त्याच दिवाळीला अंक आला. मी पान बघितलं. भोकातून बाईची उघडी पाठ, वरून पाण्याची धार, आन् ते दोन तीळ. मपल्या अंगावर असले तीळ नाय, मला मपलं अंग ठाऊक हाये. मपल्यासारखाच बांधा दुसऱ्या कुणाचा? दगडाचा. मी अंक चुलीत घातला आन् लेकरू घेऊन वाडीला आले ती आलेच. दगडाशी त्या दिवसापासून बोलले नाय. ह्यांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय. शनवारी यायचे, सोमवारी पहिल्या यष्टीनं जायचे. असंच आयुष्य गेलं.

आता त्या बाईला काचेत घालून दिवे लावणार का? मी मेल्यावर लाव.

तुझ्यावर राग नाय. अंगावर गरम घालत जा, तिकडं थंडी लई हाये म्हणत्यात.
आजी


छत्रपती संभाजीनगर
२२ जानेवारी २०२५

ति. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझं डोकंच चालेना. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, तुला शहर मानवलं नाही म्हणून तू गेलीस, असं आजोबांनी त्यांना सांगितलेलं. फुलंब्रीच्या दगडामावशीशी आपलं का जमत नाही हे त्यांनाही माहीत नाही. एवढ्या वर्षांत कुणी कुणाला काही विचारलंच नाही का गं? मला कळेना की मी प्रदर्शन भरवतेय की घर मोडतेय. म्हणून मी सरळ फुलंब्रीची बस धरली. रागव, पण पुढचं वाच.

दगडाआजीनं मला दारातच ओळखलं, म्हणाली हनुवटी बानाची, म्हणजे तुझी, आहे. चहा पाजला, भाकरी वाढली आणि मग रडायला लागली. तिला वाटत होतं तू शेळीपायी बोलत नाहीस. तुमची ती एका शिंगाची चंद्री तिच्या हातून सुटली आणि ट्रकखाली गेली म्हणे. एकोणपन्नास वर्षं ती त्या शेळीचं पाप डोक्यावर घेऊन बसलीय. दोनदा तिनं तुला शेळी देऊ केली, तू दोन्ही वेळा परत धाडलीस. खरं का?

मी अडखळत तुझा संशय सांगितला. तिनं भाकरीचं ताट बाजूला सारलं. मग उठली, सुनेला, निशाला, आत घेऊन गेली आणि पाठ दाखवली. निशानं बाहेर येऊन मला देवाची आण घेऊन सांगितलं की एकही तीळ नाही. मी तर चक्रावूनच गेले. तीळ तिचे नाहीत तर कुणाचे? मग दगडाआजीनंच विचारलं, पान उचलून बघितलं का म्हणून. माझं तोंड बघून ती म्हणाली, अगं खिडकीचित्राची गंमतच ती, वरून चावट वाटतं आणि पान उचललं की आत भलतंच साधं निघतं. शेजारपाजारचे लोक ते उचलून उचलून हसायचे म्हणे.

आजी, मी शिकलेली बाई, आणि मला हे ठाऊक नव्हतं! रामप्रसादकाकांनी कपाळावर हात मारला. त्यांनी त्याच रात्री शहात्तरची फ्रेम खोलली, वाफेवर धरून पान सोडवलं. आत असं आहे: बाई पाटावर पाय पसरून बसलीय, आपल्याकडं पाठ, चोळी नाही, खोचलेला पदर. पायावर बाळ, आणि तांब्यातून त्याच्यावर पाण्याची धार. ती खिडकीतली धार बाळाच्या आंघोळीची गं! बाजूला टकल्या टॉवेल धरून उभा, आणि एका शिंगाची शेळी त्याची छत्री खातेय. तांब्याला काठापाशी पोचा आहे.

दगडाआजीनं बाळाला न्हाऊ घातलं असेल, तर पाठ तिची असावी, पण तिच्या पाठीवर तीळ नाहीत. मी पुरती गोंधळलेय. चित्राची झेरॉक्स करून, भोक कापून, सोबत पाठवलीय. तूच उचलून बघ आणि काय ते सांग. सही दिलीस तरी मायाच आणि नाही दिलीस तरी मायाच. हॉलवाल्यांना मी आजारी पडल्याचं सांगेन.

तुझ्या पायाशी बसलेली,
ज्ञानू


वाडी, ता. कन्नड
३० जानेवारी २०२५

चि. ज्ञानूस,
अनेक आशीर्वाद. सही सोबत हाये. आधी ती नीट ठेव, मग पुढचं वाच.

तव्हा रागाच्या भरात न उचलताच चुलीत घातलं, आन् आताबी मी चार दिस ते पान उचललंच नाय. देव्हाऱ्यात हळदी-कुंकवाच्या डब्याखाली ठेवलं. पाचव्या दिशी सुकेशनी रानात गेली तव्हा उचललं. तांब्या बघितला. त्यो पोचा मीच पाडलेला, ह्यांच्या अंगावर भिरकावला तव्हा. तांब्या अजून घरात हाये, तुपली काकू त्यात दही लावती.

दगडा दोन महिने न्हाऊ घालायची, मग तिच्या हाताला खरूज झाली. तिसऱ्या महिन्यापासून लेकराला मीच न्हाऊ घातलं. हे मला ध्यानातच राहिलं नाय बघ. आन् हे मागं बसून बोर्ड रंगवायचे. मला वाटायचं, बोर्डच रंगवत्यात.

सुकेशनी आली तव्हा म्हणलं, बाई, मपली पाठ बघ. तिनं बघितली बी नाय. म्हणाली, दोन तीळ हायेत, डाव्या अंगाला, एकाखाली एक. मी पडले होते तव्हा मालीश करताना तिनं बघितलेले. सांगितलं कामून नाय म्हणलं, तर म्हणती, तुमच्या पाठीचं तुम्हाला ठाऊक नसंल असं मला काय माहीत!

ज्ञानू, मी लई रडले. मग लई शिव्या दिल्या, त्यांच्या फोटोसमोर. मेल्या माणसा, एक डाव म्हणला असता का तूच हायेस बाने, तुपल्या पाठीवर तीळ हायेत. त्यांना वाटलं असंल मला ठाऊकच हाये. त्यांना वाटलं असंल मी लाजून गेले. मी वाडीला आले त्याच्या पुढंबी एकेचाळीस डाव तीच पाठ काढली त्यांनी, वीस वर्साची. मपली पाठ इथं वाकली, आन् तिथं त्यांनी ती वाकू दिली नाय. आन् त्यांनी तुपल्या बापाला सांगितलं मला शहर मानवलं नाय. मला शहर लई आवडायचं गं.

आता कामाचं लिहिते. दगडाला सांग, शेळीचं मी कव्हाच इसरले, आन् ह्या डावाला शेळी घेऊन आली तर ठेवून घेते. पण शेळी यष्टीत घेत नाय, तव्हा आधी ती नुसतीच येऊ दे. तिला पत्र लिवाया बसले आन् तीन कागद फाडले. तू तिला ९ तारखेला हॉलवर आण, आन् मला तिच्या शेजारी बसव. काय बोलायचं ते आम्ही बघू.

त्या बारा पानांच्या काचा काढ. उघडता येतील अशी लाव. लोक येऊन उचलू दे. आन् कुणी विचारलं ही बाई कोण, तर तू तोंड उघडू नको. शहात्तरच्या चित्राखाली मी खुर्ची टाकून बसंन, लोकांकडं पाठ करून.

सुकेशनी म्हणती चोळीची पाठ उघडी ठेवून बंद लावून देते. चावट कुठली. तुमच्या सगळ्यांवर मपला जीव हाये, तव्हा न्यायला गाडी वेळेवर धाड.

तुपली,
बानाबाई मुंजाबा पेंटर