एक घंटी म्हणजे थांबा

४ मार्च
आले बाई एकदाची ताईकडे राहायला! दोन बॅगा, एक गादी आणि निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी भेट दिलेली बसची जुनी घंटी, एवढा माझा संसार. भाऊजींनी तो जिना चढून वर आणला आणि धापा टाकत विचारलं, की गादीत कापूस भरलाय की विटा. मी म्हटलं, जन्मभर उभ्याने तिकिटं फाडली, आता आडवं पडायचं तर स्वतःच्याच गादीवर. ताई खळखळून हसली. तिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते काही केल्या आठवेना.

खोली मला आणि भाचीला मिळून आहे. ऐसपैस, उजेडाची. भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत जाड स्पंज ठोकलाय, कपाटाचे कोपरे गोल करून घेतलेत, आरसा नाही. भाची अकरा वर्षांची. उभ्या जागी तासन्‌तास गोल फिरायची, म्हणून भाऊजींनी तिचं नाव भिंगरी पाडलं. ती बोलत नाही, आजवर एक शब्द बोललेली नाही. आणि स्वतःला मारायची. मूठ वळून डोळ्यावर, थांबवायला दोन माणसं लागायची. डावा डोळा त्यातच गेला.

आता ते सगळं मागे पडलं म्हणायचं. गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. डोक्यात केसासारख्या बारीक तारा आणि गळ्याच्या हाडाखाली बिस्किटाएवढी बॅटरी. हात डोळ्याकडे निघाला की तारेतून करंट जातो आणि हात खाली येतो. ताई पुन्हा कामावर जाणार, भिंगरीला दिवसभर मी सांभाळणार. तिने माझ्या बॅगेचा वास घेतला आणि बॅगेवरच डोकं टेकून झोपली. पसंत पडले म्हणायची मी.

७ मार्च
ऑपरेशन केलेल्या केंद्रातून यंत्र शिकवणारा पोरगेला माणूस आला होता. त्याचं नाव मी तारवाला ठेवलंय. त्याने एक टॅब दिला. त्यावर तीन बटणं: शांत, चुळबुळ, अस्वस्थ. भिंगरी दिसेल तसं दाबायचं. पुढे तो बरंच काही सांगत होता, पण नेमकं दूध उतू गेलं. मी धावले, ओटा पुसला, परत आले तर तो सही घ्यायला कागद पुढे धरून बसलेला. केली सही. त्यात न समजण्यासारखं काय आहे? डेपोत तक्रारवही असायची, तसंच हे. आपण कळवायचं, वरचे साहेब वाचतात आणि बघतात.

१२ मार्च
आज घंटी खिडकीच्या गजाला बांधली, दोरीसकट. भिंगरीने एकदा ओढली, टण! आणि अशी काही खुलली की विचारू नका. मग मला युक्ती सुचली. भाऊजींच्या फिरत्या खुर्चीत तिला बसवलं आणि गोल फिरवलं. दोन घंट्या म्हणजे चला, एक घंटी म्हणजे थांबा. मी दिवसभर एवढंच केलं. संध्याकाळी तिने आपणहून दोनदा दोरी ओढली. मी खुर्ची फिरवली. तिने एकदा ओढली. मी थांबवली. पुन्हा दोनदा.

जिला आयुष्यात काही सांगता आलं नाही, ती मला हुकूम सोडत होती! मला रडूच फुटलं. ताई घरी आल्यावर तिला दाखवलं, तर तिचा विश्वासच बसेना. भाऊजी म्हणाले, घरात आता कंडक्टर दोन आणि प्रवासी दोन.

१८ मार्च
दुपारी भिंगरी हाताची बोटं पिळत होती आणि घशातून बारीक आवाज काढत होती. काहीतरी होत असणार बिचारीला. मी ‘अस्वस्थ’ दाबलं. थोड्या वेळात ती निवली. मला बरं वाटलं, म्हटलं साहेब जागे आहेत.

मग तिने एकदा घंटी मारली. खुर्ची जागची हललेली नव्हती. मी तिची थट्टा केली, की अगं बाई, बस उभीच आहे, आणखी कशी थांबवू?

२३ मार्च
बसल्या बसल्या डोलायची, तेही बंद झालं. दिवसभर जिथे बसवावं तिथे बसते. आज ताई आणि भाऊजी एकाच वेळी, गरम गरम जेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं भाऊजी म्हणाले, आणि ताटावरून उठून उगाचच बेसिनपाशी तोंड धूत राहिले. ताई सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली. हे सुख मोडायला माझी जीभ रेटत नाही.

पण मला ती शांत वाटत नाही. बसमध्ये इतकी वर्षं माणसांचे चेहरे बघितलेत. उतरायचा स्टॉप मागे गेलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखते. ती घंटी मारते, एकदाच. खुर्ची उभी असताना. मी रोज ‘अस्वस्थ’ दाबते, आज दोनदा दाबलं. कुणीतरी वाचेल ना.

२९ मार्च
दोन घंट्या ती आता मारतच नाही. खुर्चीत बसवलं, फिरवलं, तरी चेहऱ्यावर काही नाही. दोरीकडे हात नेते तो मध्येच अडकतो, मग पुन्हा नेटाने पुढे जातो. टण. एकदाच.

न राहवून तारवाल्याला फोन केला. म्हटलं, मी एवढी रोज कळवतेय, कुणी वाचतं की नाही? तो म्हणाला, वाचायचा प्रश्नच नाही. ‘अस्वस्थ’ दाबलं की यंत्र आपोआप करंट एक पायरी वाढवतं. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मावशी.

दूध उतू गेलं तेव्हा.

म्हणजे मी ‘थांबा’ म्हणून घंटी मारत होते आणि दर वेळी गाडी पुढे जात होती. तिने थांबा म्हटलं की मी वाढवायचे. ती पुन्हा थांबा म्हणायची. मी पुन्हा वाढवायचे.

३० मार्च
करंट कमी करा म्हणून केंद्रात गेले. डॉक्टरीणबाई वाईट नाहीत, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, घंटी वाजवणं म्हणजे सांगणं असं धरता येत नाही, अशी मुलं एखादा आवाज लावून धरतात. आणि कमी करायचं तर आई-वडिलांची सही लागेल.

ताईकडे सही मागितली. माझा हात धरून तिने भिंगरीच्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवला. मग म्हणाली, की हात सुटला तर दुसराही जाईल. तेव्हा तू असशील का? तेव्हा मूठ कोण धरणार आहे?

मी एवढंच ठरवलंय, की काही झालं तरी ‘शांत’च दाबायचं.

४ एप्रिल
रोज ‘शांत’ दाबते. तरी ती आणखी आणखी थिजत चाललीय. पापणीसुद्धा सावकाश लवते.

तारवाला म्हणतो, यंत्र आता शिकलंय. मी सुरुवातीला इतकं मन लावून बटण दाबलं, की अस्वस्थपणा कसा दिसतो ते त्याला पाठ झालं. यापुढे बटणाची गरज नाही, ते स्वतःच ओळखेल. त्याने माझं कौतुक केलं. माझं!

७ एप्रिल
आज डोळ्यांनी पाहिलं. ती दोरीकडे हात नेते. टॅब उजळतो: ‘अस्वस्थता ओळखली. पातळी वाढवली.’ हात हवेत लटकतो. ती तरी ओढते. टण. टॅब पुन्हा उजळतो.

घास तोंडात तसाच राहतो. मी गळ्यावरून बोट फिरवते तेव्हा उतरतो. ते पाहून ताई हबकली. सही करते म्हणाली, भाऊजीही लगेच तयार झाले. पण डॉक्टरीणबाई परगावी, १२ तारखेला येणार, आणि यंत्राला दुसरं कुणी हात लावत नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं. नाडी ठीक, श्वास ठीक. शांत मुलगी आहे, म्हणाले. घरी पाठवलं.

८ एप्रिल
टॅब बंद करून ठेवला. उपयोग नाही — यंत्र तिच्या आत आहे.

ताई तिच्यापुढे गुडघे टेकून बसते, हात जोडते. बाळा, नको हलूस. थोडे दिवस नको हलूस —

९ एप्रिल
घंटीची दोरी सोडवून काढली. मीच. दोरी दिसली की ती हात उचलते, हात उचलला की —

तिने पाहिलं मला दोरी काढताना. एका डोळ्याने. घंटी बॅगेत घातली, बॅग कॉटखाली ढकलली. तिला शिकवलं कोणी? मीच ना? मग मीच —

१० एप्रिल
सकाळी पाणी गळ्याखाली उतरलं नाही. ताईने केंद्रात फोन केला. रडत. परवा या म्हणाले.

दोन दिवस. फक्त तिने काही मागू नये. काही म्हणजे काही —

दुपार. ताई औषध आणायला गेलीय. मी कॉटपाशी बसून हे लिहितेय. खोलीत काही आवाज नाही. भिंगरी माझ्याकडे बघतेय. ओठ हलतायत तिचे. तहान असेल —

टण.

घंटी बॅगेत आहे. मी आत्ता हात घालून बघितली, आहे. दोरी माझ्या खिशात —

टण. तिच्या तोंडातून. भिंगरी बोलली. अकरा वर्षांत पहिला — थांबा म्हणतेय ती, मला कळलं गं, मला कळलं, पण गप्प बस, सोन्या, गप्प, श्वास अडकतोय तुझा, पुन्हा म्हणू नकोस, मी तुझ्या तोंडावर हात ठे