दत्तापुढची चार बिस्किटं

गुरुवार, दिवेलागणीला

हुश्श! लेकीनं आमच्या शेरू कुत्र्यासाठी पाठवलेली सेंद्रिय, कोशर बिस्किटं सासूबाईंनी दत्ताच्या फोटोपुढे ठेवली. मोजून चार! कोशर म्हणजे ज्यूंच्या धर्माला चालणारं, त्यात मटणही असू शकतं, हे लेकीनंच सांगितलेलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. घाबरून चष्मा शोधला, पाकीट वाचलं. ओट, शेंगदाणे, भोपळा. बस्स. जीव भांड्यात पडला.

तरी विचारलंच, "आई, कुत्र्याचा खाऊ देवाले काहून दाखवला?"

"देवाले पेढा ठेवला नं वं! त्याच्या पायाशी चार कुत्रे बसून राहिले, त्यायले कोन देते?"

इतकी वर्षं तो फोटो पुसते मी. ते कुत्रे कधी मोजलेच नाहीत.