शेजारी दिलेलं विरजण

३ डिसेंबर २००४
आज नाशिककर झालो. चांदवडला लोकांच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत आयुष्य गेलं आणि आता गंगापूर रोडला स्वतःचं रो-हाउस! सामान उतरतंय तोच शेजारच्या भागीबाई चहा घेऊन हजर. ही कॉलनी उठली ती त्यांच्याच फुलशेतीवर. टेम्पो बघून म्हणाल्या, संसार हाय का दुकान लावताय? मधली भिंत एकच. नवऱ्याला, म्हणजे सहादूंना, त्या दिवसभर काय काय ऐकवतात ते मलाही ऐकू येतं. करमणूक फुकट. माझे कानच तसे. मोटारीच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मुठीला कान लावायचा, आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते कळतं.

इथे आलो ते पोटापायी. मोठ्या आतड्याला जुनी सूज आहे. चांदवड ते नाशिक कुठल्या ढाब्याच्या संडासाला कडी लागते नि कुठल्या नाही, तोंडपाठ. त्यात निकिता, आमची एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला येणार. नातवंडाला खांद्यावर घेऊन गावभर हिंडावं, मध्येच पळावं लागू नये, एवढंच मागणं.

६ डिसेंबर
डॉ. हर्षल पोरगेलेसे, पण बोलायला गोड. म्हणाले, आजवर आम्ही पोटातले जंतू मारत आलो. नवं संशोधन म्हणतं, चांगले जंतू वस्तीला बोलवा. आतड्याला मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं, जवळजवळ दुसरा मेंदूच, आणि हे जंतू त्याच्याशी बोलतात. बायको, प्रतिभा, म्हणाली, ह्यांचा तो तरी चालू करा. डॉक्टर टेबल बडवून हसले. प्रयोग म्हणून बरणीतलं विरजण दिलंय. रोज दूध घालायचं, वाटीभर दही खायचं, चमचाभर राखायचं.

१२ डिसेंबर
काल तर्रीवाली मिसळ खाल्ली आणि आज पोट गार! प्रतिभा म्हणते, नाशिकच्या ह्या थंडीत शालीत गुंडाळूनही दही लागत नाही. डॉक्टरांचं मात्र उघड्या ओट्यावर सुरीने कापावं असं लागतं. भागीबाईंनी ते पाहिलं नि वाटी पुढे केली. हे औषध आहे, म्हणणार होतो. पण विरजणाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. दिलं. त्यांनी पुढच्या ओळीत दिलं, त्यांनी आणखी पुढे. बरंच आहे की, कॉलनीत ओळख झाली.

१९ डिसेंबर
गंमत म्हणून स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या पोटाला लावला. एक लांब गुरगुर, मग दोन ठोके. पुन्हा तसंच. प्रतिभाही आता तेच दही खाते; तिचं ऐकलं, तिचंही तेच. तिला म्हटलं, एवढ्या वर्षांनी आपण एका फेजवर आलो.
बरणी हाताला कोमट लागते, अंगात ताप असल्यासारखी.
सकाळी तापलेला तवा हाताने उचलला. फोड आलाय. दुखलं नाही.

२६ डिसेंबर
भिंतीपलीकडे चार दिवस आवाज नाही. म्हणून गेलो. दोघं वाट्या घेऊन बसलेली. सहादूंचा भाऊ वणीला वारला, निरोप येऊन गेला, हे उठले नाहीत. विचारलं तर भागीबाई म्हणाल्या, गेला तर गेला. तेवढ्यात दोघांची पोटं वाजली. लांब, मग दोन ठोके. त्याच क्षणी माझंही.
घाबरायला हवं होतं. घरी येऊन जेवलो.

२९ डिसेंबर
डॉक्टरांना सगळं सांगितलं. सगळ्यांना आराम आहे ना, म्हणाले. हसले नाहीत. टेबलापलीकडून ऐकू आलं. त्यांचंही तेच.

२ जानेवारी २००५
निकिता आली. ती यायची होती हे विसरलो होतो. आल्या आल्या आईशी भांडली, नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या. तिच्या पोटाला स्क्रूड्रायव्हर लावला तर म्हणाली, पप्पा, मी काय पंप आहे का? लहानपणी ताप आला तरी हेच म्हणायची.
तिच्या पोटात नुसता गोंधळ. कुरकुर, बुडबुडे, ज्याचं त्याचं. त्याखाली बाळाचे ठोके, भरभर, आपल्याच नादात. खूप वेळ ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं. कशाचं, ते कळलं नाही.
हिच्या तोंडी ते दही लागता कामा नये. उद्या फेकतो.

३ जानेवारी
बरणी घेऊन बेसिनपाशी गेलो. नळ सोडला — मग पाहिलं तर हातात दुधाचं पातेलं. बरणी काठोकाठ.
प्रतिभाला म्हटलं, तू फेक. ती बरं म्हणाली. तिने वाटी भरली.

४ जानेवारी
निकिताला सांगायचं, आजच्या आज चांदवडला आत्याकडे जा. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा निघालं ते — जेवायला चल.

५ जानेवारी
दही काय लागलंय, निकिता म्हणाली. वाटी पुढे केली.
मीच वाढलं.

८ जानेवारी
निकिता भांडत नाही. जावयाचा फोन आला, घेतला नाही. बाळाची टोपी विणत होती, ती अर्धी पडलीय —

स्क्रूड्रायव्हर आणला. तिच्या पोटाला टेकवला. पंपाचं काही म्हणाली नाही. छताकडे बघत राहिली.

लांब गुरगुर. दोन ठोके. हे तिचं.

खाली बाळ. भरभर. अजून आपल्या नादात — अजून वेगळं आहे — वही मांडीवर घेऊन ऐकतोय. प्रतिभा हाक मारतेय, पानं वाढलीत —

थांबलं.

लांब —

एक ठोका. आता दुसरा