गुडाखूच्या आधीची पोट्टी

माय,

मले लिहायची सवय नाही आणि तुले वाचता येत नव्हतं, तरी लिहून राहिली. समता कॉलोनीतल्या दवाखान्यात एक समजावणारी मॅडम आहे. ती म्हणते, तलब आली की हाताले काम द्या. भाजी निवडून झाली, डबे घासून झाले, सुनेनं धुतलेली चादर मी परत धुतली. मग तिनं म्हटलं, ताई, ज्याच्याशी भांडायचं राहून गेलं त्याला लिहा. नाशिककडची पोट्टी आहे, माझ्या सुनेच्या वयाची, लय शुद्ध बोलते. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली माझी, चार ओळी लिहीपर्यंत भात शिजते. ती म्हणते, मग तर उत्तमच, तलब तेवढाच वेळ टिकते. म्हणून तू.

गुडाखू सोडून राहिली मी. तू हसली असती. दात घासायचे कोणी सोडते का, म्हणाली असती. अमरावतीकडून आली तेव्हा तू तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची, इकडं हिंदी मुलखात, गुढियारीत आल्यावर गुडाखूची आयती डबी मिळाली. तंबाखूचाच, पण काळा, गुळचट, बोटावर घ्यायचा, हिरड्यांवर घासायचा आणि डोकं जाग्यावर येईपर्यंत पायरीवर बसून राहायचं. साऱ्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या बाया तेच करायच्या. म्हणून डॉक्टरनं विचारलं, नशा करता का, तर मी त्याच्यावर खेकसली, आमच्या घरची बाई नशा करत नाही. मले खरंच तसं वाटत होतं. त्यानं बॅटरी लावून गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला. म्हणे अजून वेळ गेली नाही, पण हे बंद करा, नाहीतर कापावं लागेल. तेव्हा तुझं तोंड आठवलं. कसं बंद होत गेलं, शेवटी चमचा जात नव्हता, गालाच्या कोपऱ्यातून पेज सोडायची मी. त्याही दिवसांत तू बोटानं खूण करून डबी मागायची आणि मी माझ्या बोटानं तुझ्या हिरडीले लावून द्यायची. त्याच्यापायी झालं असं आपल्याले कोणी सांगितलं नाही, आपण विचारलंही नाही.

उठून आली. लवंग चावली, फेकली. ते काय त्याच्यावाणी थोडीच आहे.

घरात माझं कोणाशी पटून नाही राहिलं. डबे देतो ना आपण बाहेर, त्यातल्या एका गिऱ्हाईकानं फोन करून म्हटलं, "दीदी, दाल पतली थी." मी म्हटलं, "मोटी दाल खानी है तो शादी कर लो." त्यानं डबाच बंद केला. सून कपाळाले हात लावून बसली. "मम्मी, आप पहले ऐसी नहीं थीं." मग कणीक मळता मळता, माझ्याकडं न पाहता म्हणते, "सुबह-सुबह थोड़ा सा लगा लिया करो ना. सब डरे रहते हैं." तिकडून तुझा जावई म्हणते, "मी तं म्हणतो, लाव बाप्पा. चट्टा तुझ्या तोंडात अन् भोगून आम्ही राहिलो." मी ताट आपटलं. पण खोटं काय बोलला तो.

दवाखान्यात मॅडम स्वभावाचे प्रश्न विचारते. विचार न करता बोलता का? हो. थांबणं जड जाते का? मी म्हटलं, पुढचा विचारा. ती हसली. म्हणे उतावळ्या माणसाला तलब जोरात धरते, त्यात नवल नाही. पण तुम्ही तलबेनं चिडता, की मुळातच चिडक्या? गुडाखूच्या आधी कशा होत्या तुम्ही? मी म्हटलं, गुडाखूच्या आधी मी पोट्टी होती, पोट्टीचा काय स्वभाव असते. मग ऑटोत बसली अन् तो प्रश्न डोक्यातून निघेच ना.

तो दिवस तुले आठवते का, मले माहीत नाही. धाकट्याले पाळण्यात टाकून तू बारदाना शिवायले गोदामात जाणार आहेस. तू म्हणतेस, उद्यापासून शाळा नाही, याच्याजवळ बसायचं. मी दप्तर धरून दारात बसते आणि अशी ओरडते की बाजूची बाई धावत येते, पोट्टी कशापायी रडते विचारत. "का होगे, नोनी काबर रोवत हे?" तू म्हणतेस, दाढ दुखते तिची. डबीत बोट घालतेस, माझा जबडा धरतेस आणि हिरडीवर दाबतेस. घर गरगर फिरते. मी भिंतीले टेकून लाळ थुंकत बसते. संध्याकाळी मी धाकट्याले मांडीवर घेऊन बसलेली, तू सगळ्यांले सांगतेस, गुण आला. दुसऱ्या दिवशी तूच डबी समोर ठेवली. मग रोजच. मले पाहायले आले तेव्हाही तू पाहुण्यांले म्हणाली, आमची पोट्टी लय शांत आहे.

माझी दाढ दुखत नव्हती, माय. तुले ठाऊक होतं.

मॅडमले वाटते तलब उतरली की राग उतरेल. मले उलटी भीती आहे. हा राग तलबेचा नाही, माझाच आहे, दाबून ठेवलेला, अन् आता तो सुनेच्या, नवऱ्याच्या, कोणत्या तरी डाळवाल्याच्या अंगावर जाते. त्यांचा काय गुन्हा. चट्टा घेऊन शांत बसायचं, की तोंड वाचवून अशीच राहायचं, अन् अशी राहिली तर घरात कोण ठेवेल मले. तुले शिव्या द्यायले बसली होती. पण लिहिता लिहिता वाटलं, तुझ्या हिरडीवर पहिलं बोट कोणाचं होतं, तू तेव्हा कशापायी रडत होतीस, हे मी कधी विचारलंच नाही.

हा कागद मॅडमले दाखवणार नाही. काल सुनेनं बाजारातून डबी आणली, ओट्यावर ठेवली. मी लावला. थोड्या वेळानं सून माझ्याजवळ येऊन बसली, कित्येक दिवसांनी, अन् मोबाइलवर तिच्या भाचीचे फोटो दाखवत राहिली. आज लावला नाही. सकाळपासून सगळ्यांशी भांडून झालं. मॅडमले सांगीन की काल चूक झाली. पण काल मले बरं वाटलं होतं, तेवढं सांगणार नाही.