खांद्याचं माप

मंगळवार, दि. ९

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असालच. चिमणीला दात आले का? इकडे दुकानाचं शटर दुरुस्त झालं, आता उघडताना गल्ली जागी होत नाही.

फोनवर तू "बाबा कसे आहेत?" विचारतोस आणि मी "बरे आहेत" म्हणून मोकळी होते. म्हणून लिहायला बसले. समोरचा टेम्पोवाला तुझ्याच गावी निघालाय, तो पत्र तुझ्या हातात देईल.

बाबा सुधारतायत, धावत येऊ नकोस, असं मी परवा म्हटलं ते खोटं नव्हतं रे. त्या दिवशी ते उशीला टेकून बसले, चहा मागितला, माझ्या ब्लाउजची बाही वाकडी लागलीय म्हणून मला झापलं. मी खूश. मग ते चादर चिमटीत धरायला लागले. धरायची, सोडायची, बोटभर पुढे सरकायचं. तुरपाईच ती. कारागिराला बोलावून दाखवलं, तोही म्हणाला, "मास्तर कामाला लागले." मी शहाणीने त्यांच्या हातात अस्तराचा तुकडा दिला.

काल नर्सबाई आल्या, त्यांनाही कौतुकाने दाखवलं. त्यांनी बाबांच्या तळपायांना हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "ताई, शेवटाकडे माणसं अशी चादर चाचपतात. आता खाण्याचा आग्रह सोडा, ओठ तेवढे ओले करत राहा." बाबांचे तळपाय गार पडलेत. श्वास मध्येच थांबतो, माझा जीव टांगणीला लागतो, मग पुन्हा सुरू होतो. नर्सबाई म्हणतात, हेही त्यातलंच.

मला काही सुधरत नाही. बरं होणं आणि जाणं सुरुवातीला सारखंच दिसत असेल, तर ओळखायचं कसं? सगळं समजावून सांगितल्यावरही त्यांची बोटं हलली की मला टाकेच दिसतात. अस्तर काढून घेतलं नाही.

आज सकाळी ते आईशी बोलत होते, ती जिवंत असल्यासारखे. मध्येच मला स्पष्ट म्हणाले, "त्याला नीट उभा कर. खांदा राहिलाय." कोणाला, म्हणून विचारलं तर माझ्यावर डोळे वटारले. तू रेडिमेडच्या कारखान्यात गेलास तेव्हा "माप न घेता शिवणारा माझा मुलगा नाही" म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी तुझं नाव कधी घेतलं नाही. या घरात 'तो' म्हणजे तूच.

तेव्हा ये. पत्र वाचून होताच नीघ. माफी माग, समजूत घाल, असलं काही मी सांगत नाही. त्यांना कितपत कळेल, देव जाणे. आणि तुम्हा दोघांचं बोलून कधी जमलंय? नुसता त्यांच्याकडे पाठ करून खाटेवर बस, हात पोचेल इतका जवळ.

टेप उशाशी ठेवलीय.

तुझी,
ताई