कान लावून तपासलेली पिंपं

१८ मार्च
वही जानेवारीत आणली. रोज लिहायचं ठरलं होतं. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा त्याची स्प्रिंग कशी बसते ते बघण्यात फेब्रुवारी गेला. असो. उशीर झाला, मान्य.
सध्या मुक्काम जुनी पिंपं ठोकून सरळ करायच्या कारखान्यात. मी हातोडीवर. अकरा महिने टिकलो, हा माझा रेकॉर्ड. आधी दोन वर्षं साऊंडवाल्याकडे, त्याआधी खडी फोडायच्या मशीनवर, त्याआधी थोडंसं कॉलेज.
संकल्प : उस्तादांचं स्टूल मिळवायचं. उस्ताद म्हणजे आमचे तपासणारे. सरळ झालेल्या पिंपात हवा भरायची, शिवणीला कान लावायचा. बारीक ‘सूं’ आलं की पिंप नापास. बसून काम! म्हातारा तीस वर्षं तेच करतोय. पण हल्ली कान लावल्यासारखं करतो आणि हळूच ब्रशने साबणाचा फेस फासतो. बुडबुडा आला की पिंप गळकं. म्हणजे कान गेले. मी ताडलं.

२१ मार्च
आरोग्यवाल्या बाई पत्रकं आणि कानात घालायचे पिवळे बोळे वाटून गेल्या. बहिरेपणाची कारणं : सततचा मोठा आवाज, वय, कानात काड्या घालणं. लक्षणं : लोक पुटपुटतात असं वाटणं, मागची हाक न कळणं, कानात शीळ. एकूण एक उस्तादांना लागू. पेनाने खुणा केल्या. मी स्पीकरला डोकं टेकून झोपायचो, पण ते म्युझिक होतं. पत्रकात ‘आवाज’ लिहिलंय.
बाई मलाही काहीतरी सांगत होत्या. इतकं पुटपुटल्या की नाद सोडला. हल्ली कुणालाच नीट बोलता येत नाही.
बोळे टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातले. टेबल एकदम स्टेडी.

२६ मार्च
सक्सेस! मालक राऊंडला आले तेव्हा उस्तादांच्या मागे उभा राहून रिकामं पिंप लाथेने पाडलं. म्हातारा ढिम्म. मग टाळ्या. मग ‘अहो उस्ताद, तुमची सुट्टी झाली, घरी जा,’ असंही ओरडलो. सगळे खो-खो हसले. हसणारी तोंडं बघून उस्ताद वळले आणि काही न कळता तेही हसू लागले. मग तर टकल्याला, म्हणजे माझ्या हातोडीच्या जोडीदाराला, हसून ठसका लागला.
मालक हसले नाहीत. उस्तादांचा खांदा थोपटून त्यांना ऑफिसात घेऊन गेले.
थोडं वाईट वाटलं. जेवल्यावर गेलं.

२ एप्रिल
स्टूल माझं. साबणाचा मग आणि ब्रश भंगारात टाकला. नवा जमाना, नॅचरल कान.
अडचण एकच. पहिलं पिंप : सूं. दुसरं : सूं. अकराच्या अकरा नापास! मालक येऊन बघून गेले, चेहरा बरा नव्हता.

३ एप्रिल
सायंटिफिक विचार केला. जी शीळ प्रत्येक पिंपात येते ती पिंपाची नसणारच. ती कॉम्प्रेसरची. मग ती वजा करायची. वजा केली, मागे काहीच उरेना. चाळीस पिंपं पास! उस्ताद दिवसाला सात-आठ तरी बाद करायचे. किती माल फुकट घालवला असेल म्हाताऱ्याने.

७ एप्रिल, रविवार
कारखाना बंद. कॉम्प्रेसर बंद. शीळ चालूच. शेजाऱ्यांचा फ्रिज बिघडलाय. जाऊन सांगून आलो. त्यांनी फ्रिज नसल्याचं दाखवलं. लपवला असेल.

१९ एप्रिल
एकही नापास नाही. मी चाललो की मागे सगळे हसत असतात. वळलो की मीही हसतो. वातावरण छान ठेवलंय मी.

६ मे
एका गिऱ्हाइकाच्या गोदामात तेल सांडलं. आमच्या पिंपांतून, असा त्यांचा आरोप. एकशे वीसपैकी बेचाळीस गळकी म्हणे. तिथला वॉचमन घसरून पडला, खुबा मोडला. माणसाने बघून चालावं.
मालक माझ्यासमोर उभे राहून बराच वेळ बोलले. चेहरा लाल, पण आवाज बारीक. दुःखाने बसला असणार. धीर म्हणून मी मान हलवत राहिलो.
बाहेर आल्यावर टकल्याने पाटीवर खडूने लिहून दाखवलं. मालकांनी तीनदा विचारलं होतं, ‘मुद्दाम पास केलीस का?’ तिन्ही वेळा मी आदराने हो म्हणालो.

७ मे
काढलं. गेटवाल्याने हातानेच ‘फुट’ केलं.
काही हरकत नाही. दुसरं काहीतरी बघू. टेलिफोनवर बोलायचं काम म्हणे चांगलं असतं.

९ मे, दुपार
पत्रक पुन्हा वाचलं. खुणा पुसायला गेलो तर कागदच फाटला.
लिहिता लिहिता वहीवर सावली पडली. वर बघतो तर खोलीत उस्ताद! कानामागे नवंकोरं यंत्र. मालकांनी घेऊन दिलं आणि हात जोडून परत बोलावलं, असं त्यांनी माझ्याच पेनने समासात लिहिलं. दार अर्धा तास वाजवलं, शेवटी खिडकीतून हात घालून कडी काढली, हेही लिहिलं. अक्षर मोठं मोठं, लहान मुलाला लिहून देतात तसं. खाली दोन शब्द : ‘किल्ली दे.’ म्हणजे तपासणीच्या खोलीची.
किल्ली दिली. म्हातारा जाता जाता थबकला, मान वाकडी करून ऐकलं, मोरीत गेला आणि नळ बंद करून आला.
नळ चालू होता?